ख्रिस्तवासी की प्रभूमध्ये निद्रिस्त?

दोन नोव्हेंबरच्या संध्याकाळी ठाण्यातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते. कबरींना आधीच चुना दिलेला असतो, वर झेंडू-शेवंतीच्या माळा, आणि जवळपास प्रत्येक कबरीशी कुणीतरी वाऱ्याकडे पाठ करून, उकिडवं बसून मेणबत्ती पेटवत असतं. फादर पवित्र पाणी शिंपडत रांगेरांगेने फिरतात. आमच्या शेजारच्या मावशींचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून फुलांची पिशवी घेऊन गेली काही वर्षं मीही त्यांच्याबरोबर जातो. त्यांची प्रार्थना होईपर्यंत दगडांवरची अक्षरं वाचत हिंडतो. अशाच एका दगडावर नावाच्या आधी 'ख्रिस्तवासी' आणि तारखांच्या खाली 'प्रभूमध्ये निद्रिस्त' असं कोरलेलं दिसलं आणि थबकलो. पहिला शब्द सांगतो, हा माणूस ख्रिस्ताकडे राहायला गेला. दुसरा सांगतो, तो झोपलाय. अजून कुठेच गेलेला नाही.

परतताना मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "गेलाय म्हण की झोपलाय म्हण, त्याच्यासाठी मिस्सा ठेवायची ती मी ठेवतेच ना रे." म्हणजे हे तिसरंच. जो ख्रिस्तापाशी पोचला त्याला मिस्सेची, म्हणजे त्याच्या नावाने चर्चमध्ये होणाऱ्या उपासनेची, गरज नाही, आणि जो गाढ झोपलाय त्याला ती ऐकू जायची नाही. मिस्सा ठेवायची ती वाटेत कुठेतरी अडकलेल्यासाठी. एका दगडाभोवती तीन मतं, आणि तिघांनाही आपण एकच बोलतोय असं वाटतंय.

मराठी भाषेला हा घोळ ठाऊकच नाही. आपल्याकडे माणूस मेला की लगेच त्याचा पत्ता बदलतो. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी: धर्म कोणताही असो, मराठी श्रद्धांजलीत मधे थांबायची सोय नाही. ख्रिस्ती धर्माला मात्र ही मधली जागा दोन हजार वर्षं छळते आहे. ख्रिस्त पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, असं बहुतेक चर्चमध्ये विश्वासाच्या कबुलीत म्हटलं जातं. तो न्याय पुढे व्हायचा आहे. मरण तर आज होतं. मग आजपासून त्या दिवसापर्यंत माणूस कुठे असतो? त्याला काही कळतं का? आणि तो आधीच स्वर्गात किंवा नरकात असेल, तर शेवटच्या दिवशी न्याय कसला करायचा? निकाल लागून शिक्षा भोगायला सुरुवात झाल्यावर खटला चालवावा, तसंच झालं ते.

स्वर्ग-नरक आहेत की नाहीत हा वाद बाहेरच्या लोकांचा. आतल्यांचा खरा वाद वेळेचा आहे. त्या वादाच्या दोन मोठ्या वळणांवर आपलं कल्याण आणि आपलं ठाणं उभं आहे, हे मात्र इथे राहणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं.

आधी मूळ ग्रंथाची अडचण. बायबल या बाबतीत एका तोंडाने बोलत नाही. लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंत माणूस आणि दरिद्री लाजर यांची गोष्ट आहे. तिच्यात मेल्या मेल्या एक जण सुखात आहे आणि दुसरा ज्वाळेत. त्याच शुभवर्तमानात वधस्तंभावरच्या चोराला ख्रिस्त सुखलोकाचं वचन देतो, तेही त्याच दिवसाचं. उलट पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना मेलेल्यांना झोपलेले म्हणतो आणि तुतारी वाजल्यावर ते उठतील असं सांगतो. आणि हाच पौल दुसऱ्या पत्रात, मरून ख्रिस्तापाशी जाणं बरं, असंही लिहितो. प्रकटीकरणात तर हुतात्म्यांचे जीव वेदीखालून ओरडून विचारतात की न्यायाला आणखी किती वेळ, आणि त्यांना उत्तर मिळतं: अजून थोडं थांबा.

चोराच्या वचनावरून तर स्वल्पविरामाचं भांडण आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती. त्यामुळे 'आज' हा शब्द सांगण्याला जोडायचा की सुखलोकात असण्याला, हे भाषांतर करणाऱ्याने ठरवायचं. यहोवाचे साक्षीदार तो सांगण्याला जोडतात, म्हणजे चोर आजच कुठे गेला असं सिद्ध होत नाही. मराठी बायबल वाचणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, कारण आपल्या वाक्यात 'आज' सरळ असण्याशेजारी जाऊन बसला आहे. भाषांतर करणाऱ्याने निवाडा देऊन टाकला आणि वाचणाऱ्याला कळलंही नाही.

आता कल्याण. इसवी सनाच्या सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी, पुढे कॉस्मस इंडिकोप्लुस्टस या नावाने ओळखला गेलेला, आपल्या ग्रंथात कल्लियाना नावाच्या बंदराचा उल्लेख करतो आणि सांगतो की तिथे पर्शियाहून दीक्षा घेऊन आलेला बिशप आहे. काही अभ्यासक कोल्लमकडे बोट दाखवतात, पण बहुतेकांच्या मते हे कल्लियाना म्हणजे खाडीकाठचं आपलं कल्याण. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत जे कल्याणचे व्यापारी सापडतात, त्याच बंदराची ही पुढची पिढी.

कॉस्मस आज आठवला जातो तो पृथ्वी सपाट आहे म्हणणारा विद्वान म्हणून, आणि त्याची थट्टा होते. ती रास्तच आहे. पण त्याने पृथ्वी सपाट का केली हे पाहण्यासारखं आहे. त्याच्या लेखी विश्व म्हणजे दोन मजली पेटी. खालच्या मजल्यावर माणसं आणि देवदूत, मधे आकाशाचं छत, वर स्वर्ग. त्या वरच्या मजल्यावर आजवर एकटा ख्रिस्त गेला आहे. बाकी सगळे, संतसुद्धा, पुनरुत्थानापर्यंत खालीच. हे शिक्षण त्याला पर्शियन चर्चच्या मार अबा यांच्याकडून मिळालं होतं, आणि कल्याणचा बिशपही त्याच चर्चचा. म्हणजे कल्याणच्या पहिल्या ख्रिस्ती माणसांना मरणाबद्दल जे शिकवलं गेलं असेल, ते 'ख्रिस्तवासी'पेक्षा 'निद्रिस्त'च्या जवळचं असणार.

या पूर्वेकडच्या चर्चमध्ये मरण म्हणजे झोप हे केवळ सौम्य बोलणं नव्हतं, तो सिद्धान्त होता. चौथ्या शतकातला अफ्राहात, ज्याला पर्शियन ऋषी म्हणतात, त्याने तो फार सुरेख समजावला आहे. एका धन्याचे दोन नोकर आहेत. एकाला उद्या बक्षीस आहे, दुसऱ्याला उद्या फटके. दोघेही झोपलेत. पहिल्याची झोप गोड, दुसऱ्याची दचकून उठण्याची. न्याय अजून झालेला नाही, शिक्षा अजून सुरू झालेली नाही, तरी झोप मात्र सारखी नाही. दहावीच्या निकालाची आदली रात्र ज्याने काढली आहे त्याला यावर भाष्याची गरज नाही. पुढे आठव्या शतकात तिमथी नावाच्या प्रमुख धर्मगुरूने तर सभा बोलावून ठरवून टाकलं की देहापासून सुटलेल्या जिवाला संवेदना नसते.

पश्चिमेकडे रोमच्या बाजूला गोष्टी वेगळ्या दिशेने चालल्या होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात तिथेही वाट पाहण्याचंच मत जोरात होतं. टर्टुलियन हा ख्रिस्ती विचारवंत म्हणे की सगळे अधोलोकात थांबतील, अपवाद फक्त हुतात्म्यांचा. ते रक्ताची किल्ली घेऊन सरळ आत जातात. हा अपवाद ध्यानात ठेवावा. दार एकदा हुतात्म्यांसाठी उघडलं की ते पुन्हा लावणं अवघड असतं. हुतात्म्यांच्या मागून संत गेले, संतांच्या मागून पुण्यवान, आणि उरलेल्यांसाठी मग ओसरी बांधावी लागली. त्या ओसरीचं नाव शुद्धिस्थान. जाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराने 1981 मध्ये दाखवून दिलं की शुद्धिस्थान या अर्थाचं लॅटिन नाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात वापरात आलं. त्याआधी शुद्ध करणारा अग्नी होता, पण नकाशावर जागा नव्हती. 1274 च्या लियाँच्या परिषदेत या शिकवणीला अधिकृत शब्द मिळाले.

आणि मग 1321. ठाणं.

चार फ्रान्सिस्कन साधू होर्मुझहून जहाजाने निघाले होते. त्यांना कोल्लमला जायचं होतं आणि पुढे चीनला. टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री. जहाज त्यांना ठाण्याला घेऊन आलं. त्यांच्याबरोबर जॉर्डन काटालानी नावाचा डॉमिनिकन साधू होता. तो पुढे गुजरातेत भडोचकडे गेला आणि म्हणून वाचला. ठाण्यात तेव्हा पंधरा घरं नेस्टोरियन ख्रिश्चनांची होती, म्हणजे त्याच पर्शियन चर्चच्या लोकांची. चौघे त्यांच्यापैकी एकाच्या घरी उतरले.

पुढची हकिकत ओडोरिक या दुसऱ्या साधूने लिहून ठेवली आहे. ती ख्रिस्ती बाजूची आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावी. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं, बायको काझीकडे गेली. काझीने साक्षीदार विचारले. ती म्हणाली, आमच्या घरी चार फिरंगी साधू उतरलेत, त्यांना विचारा. पीटर सामान राखायला घरी राहिला, बाकीचे तिघे गेले. भांडण बाजूला पडलं आणि धर्मावर वाद सुरू झाला. शेवटी काझीने आपल्या पैगंबरांविषयी मत विचारलं, आणि थॉमसने त्यांच्या मरणोत्तर जागेबद्दल निवाडा देऊन टाकला. 9 एप्रिल 1321 रोजी तिघांना मारलं गेलं, दोन दिवसांनी पीटरला.

मला या प्रसंगात हौतात्म्यापेक्षा दुसरंच काहीतरी दिसतं. शेवटच्या दिवशी देवाने द्यायचा निकाल एका साधूने ठाण्याच्या कचेरीत उभ्या उभ्या दिला. आणि त्या बदल्यात ठाण्याच्या अधिकाऱ्यांनी त्या साधूचाच निकाल लावला. वाट पाहण्याचा सिद्धान्त मानणारी पंधरा घरं शेजारीच होती. त्यांनी हे कसं पाहिलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

जॉर्डनने परत येऊन मृतदेह सोपाऱ्याला पुरले. काही वर्षांतच ओडोरिक आला, त्याने हाडं उकरून बरोबर घेतली आणि तो चीनच्या वाटेला लागला. वाटेत वारा पडला. जहाजावरच्या सगळ्यांनी आपापल्या देवांना आळवून झालं, मग ओडोरिकने एक हाड गुपचूप समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला, असं तो सांगतो. ही गोष्ट खरी मानायची गरज नाही, पण तिच्यात एक मोठा युक्तिवाद दडला आहे. ज्याचं हाड वारा आणतं, तो झोपलेला कसा असेल? धर्मशास्त्र्यांनी पोथ्या उघडण्याआधीच भक्तांनी निकाल लावला होता की संत जागे आहेत, देवापाशी आहेत आणि आपलं ऐकतात.

ठाण्याच्या घटनेच्याच वर्षी, तिच्यानंतर पाच महिन्यांनी, सप्टेंबर 1321 मध्ये राव्हेन्नाला कवी दान्ते वारला. नरक, शुद्धिस्थान आणि स्वर्ग यांची सगळी खोलीवाटप करून, कुणाला कोणत्या मजल्यावर ठेवायचं हे नावानिशी लिहून. निवाड्याची घाई फक्त साधूंनाच असते असं नाही.

या सगळ्या काळात पोप होता बाविसावा जॉन, फ्रान्समध्ये आव्हिन्यों इथे. 1329 मध्ये त्याने आपल्या जॉर्डनला कोल्लमचा बिशप नेमलं. ठाण्याच्या हुतात्म्यांची बातमी ज्या दरबारात पोचली, त्याच दरबारात दोन वर्षांनी स्फोट झाला. 1 नोव्हेंबर 1331, सर्व संतांचा सण, आणि नव्वदीकडे झुकलेला हा पोप प्रवचनात म्हणाला की संतांना देवाचं प्रत्यक्ष दर्शन अजून झालेलं नाही. ते वेदीखाली आहेत, ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या सावलीत विसावलेत. देवाचं मुख त्यांना शेवटच्या न्यायानंतर दिसेल. पुढच्या प्रवचनांत त्याने दुसरी बाजूही सांगितली: दुष्टही अजून नरकात गेलेले नाहीत.

म्हणजे खुद्द रोमच्या गादीवरून कल्याणच्या जुन्या बिशपाला ओळखीचं वाटलं असतं असं मत. गदारोळ झाला. थॉमस वॉलेस नावाच्या इंग्रज डॉमिनिकनने आव्हिन्योंतच पोपविरुद्ध प्रवचन केलं आणि तो तुरुंगात गेला. पॅरिसच्या विद्यापीठातल्या पंडितांना फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने 1333 च्या डिसेंबरात बोलावून मत विचारलं. ते पोपच्या विरोधात गेलं. दारिद्र्याच्या प्रश्नावरून पोपशी आधीच भांडलेले फ्रान्सिस्कन, ऑकमच्या विल्यमसह, त्याला पाखंडी म्हणू लागले. पोप म्हणत राहिला की हे माझं खाजगी मत आहे, आज्ञा नाही. 3 डिसेंबर 1334 रोजी मरणशय्येवर त्याने आपलं बोलणं मागे घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी, ज्यावरून मंडळी भांडत होती तो प्रश्न स्वतः तपासायला, निघून गेला.

29 जानेवारी 1336 रोजी पुढचा पोप बारावा बेनेडिक्ट याने हुकूम काढला: ज्यांची शुद्धी उरलेली नाही ते मरताक्षणी देवाला पाहतात, ज्यांची उरली आहे ते ती झाल्यावर, आणि मोठ्या पापात मेलेले मरताक्षणी नरकात. तरीही शेवटच्या दिवशी सगळे देहासह न्यायासनापुढे उभे राहतील. थोडक्यात, न्याय दोन: एक खाजगी, मरणाच्या क्षणी, एक सार्वजनिक, जगाच्या शेवटी. कॅथलिक चर्च आजही यावर ठाम आहे. मावशींची मिस्सा या हुकुमावर उभी आहे. ठाण्याचा थॉमस मात्र 'धन्य' म्हणून मान्य व्हायला 1894 साल उजाडलं. दर्शन मरताक्षणी, कागद पाचशे त्र्याहत्तर वर्षांनी.

मला विचाराल तर ग्रंथाच्या बाजूने पाहता हरलेला पोप जास्त बरोबर होता. पण त्याच्याकडे हाडं नव्हती, नवस नव्हते, आई गमावलेली मुलं नव्हती. सिद्धान्त जिंकला तो त्यांच्या जोरावर.

यानंतरची जवळपास तीनशे वर्षं भराभर सांगता येतील. शुद्धिस्थानातला मुक्काम कमी करणारी पापक्षमेची पत्रं विकली जाऊ लागली, 1517 मध्ये मार्टिन लूथरने त्यावर बोट ठेवलं, आणि ओसरीच पाडायचं ठरलं. ओसरी गेल्यावर पुन्हा जुनाच पेच. लूथर कधीकधी मरणाला गाढ झोप म्हणे. जॉन कॅल्विनला ते सहन झालं नाही. 1534 मध्ये त्याने लिहिलेला आपला पहिला धर्मविषयक ग्रंथ जीव झोपतो म्हणणाऱ्यांविरुद्ध होता. ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये शुद्धिस्थान पुन्हा पक्कं केलं. त्याच काळात पोर्तुगीज ठाण्यात आणि वसईत होते, आणि गोव्यात थॉमस स्टीफन्सने 1616 मध्ये मराठीत 'क्रिस्तपुराण' छापलं, त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. आपली 'वासी' लावायची खोड तिथेही त्याच्या मदतीला आली.

1825 मध्ये बिशप हेबर यांनी ठाण्यात सेंट जेम्स चर्चचा अर्पणविधी केला आणि अँग्लिकन मंडळी स्थिर झाली. या मंडळीच्या धर्मलेखांत शुद्धिस्थान नाकारलेलं. 1853 मध्ये बोरीबंदरहून आगगाडी ठाण्याला आली, त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजने फ्रेडरिक मॉरिस या प्राध्यापकाला काढून टाकलं. गुन्हा इतकाच की नरकाची शिक्षा अनंत काळ चालते का, यावर त्याने शंका घेतली.

मराठी मुलखात हा वाद खरा पेटला तो कॅथलिकांत नाही, अँग्लिकनांतही नाही, तर अमेरिकन मिशनमध्ये. 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या या मिशनचं पुढे अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, मोठं केंद्र झालं. रॉबर्ट ह्यूम हा तिथला मिशनरी, मिशनऱ्याचाच मुलगा, 1847 मध्ये मुंबईत जन्मलेला. 1878 मध्ये त्याने नगरला धर्मशिक्षणाचं विद्यालय काढलं. नारायण वामन टिळक पुढे त्याच विद्यालयात शिकवत. या माणसासमोर रोज एक प्रश्न असे, आणि तो अमेरिकेतल्या प्राध्यापकांसमोर कधीच नसे. बाप्तिस्मा घेऊ पाहणारा माणूस समोर बसून विचारतो: माझे आईवडील ख्रिस्ताचं नावही न ऐकता मेले. ते कुठे आहेत?

जुनं उत्तर होतं, नरकात. हे उत्तर देणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बघा. आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याला घास ठेवणाऱ्या घरातून आलेला माणूस, आणि त्याला सांगायचं की तुझे पितर कायमचे गेले. तू तेवढा वाचलास.

1886 मध्ये रजेवर अमेरिकेत गेलेला ह्यूम अँडोव्हर या तिथल्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलला. अँडोव्हरच्या प्राध्यापकांचं तेव्हा म्हणणं होतं की ज्यांना या जन्मात ख्रिस्त कळला नाही, त्यांना शेवटच्या न्यायाआधी तो कळण्याची संधी मिळेल, असं मानायला जागा आहे. ह्यूम त्यांच्या बाजूने बोलला. मिशन चालवणारं बोर्ड खवळलं. मेल्यावरही संधी असेल तर मिशनला वर्गणी कोण देईल, इतक्या दूर मरायला कोण जाईल, हा हिशोब होता. त्याच वर्षी डे मॉइन इथे झालेल्या बोर्डाच्या वार्षिक सभेत यावर जोरदार वाद झाला. ह्यूमला हिंदुस्थानात परतायची परवानगी रोखून धरली गेली. 1887 मध्ये ती मिळाली आणि तो नगरला परतला. अँडोव्हरच्या प्राध्यापकांवर तर रीतसर खटले चालले.

मधला काळ झोपेचा नसून शिकायचा असू शकतो, हे ह्यूमच्या बाजूचं सार. थॉमसने ठाण्यात निकाल घाईने दिला, ह्यूमने तो लांबणीवर टाकायला सांगितला. या दोघांत मी ह्यूमच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. एवढ्या शतकांचा आढावा घेतल्यावर एक गोष्ट मला तरी स्पष्ट दिसते: मधला काळ कुणीही केवळ तर्काने लांबवला किंवा आखडता घेतला नाही. हुतात्म्यांसाठी तो आखडला, पापी सज्जनांसाठी लांबला, बाप्तिस्मा न झालेल्या आईबापांसाठी आणखी लांबला. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळांसाठीही. त्यांना शतकानुशतकं वेशीवर ठेवलं गेलं होतं, आणि 2007 मध्ये रोमच्या धर्मशास्त्र आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारण आहे, असं म्हटलं. त्याच वर्षी पोप सोळाव्या बेनेडिक्टने आशेवरच्या आपल्या परिपत्रकात शुद्धिस्थानाची घडी बदलली: तो घड्याळाने मोजायचा काळ नाही, ख्रिस्ताच्या भेटीत जे जळून जातं ते. मुक्काम गेला, भेट आली.

प्रोटेस्टंट बाजूला 1955 मध्ये ऑस्कर कुलमान या अभ्यासकाने हार्वर्डमध्ये व्याख्यान देऊन सगळ्यांना चिमटा काढला की अमर आत्मा हा विचार ग्रीकांचा आहे, नव्या कराराची आशा देहाच्या पुनरुत्थानाची आहे. मराठीत हा चिमटा दुप्पट बसतो. आपण 'आत्मा' म्हटलं की त्याला शस्त्र तोडत नाही आणि आग जाळत नाही हे गृहीतच असतं. डोंबिवलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या निधनाची बातमी आली की खाली 'आत्म्यास शांती लाभो' आणि 'आरआयपी' यांची रांग लागते. शांतीत विसावा म्हणजे मुळात झोपच, पण टंकणाऱ्याच्या मनात आत्मा केव्हाच पुढच्या प्रवासाला लागलेला असतो. 'शेवटी सगळं एकच' म्हणून विषय मिटवायची आपल्याला सवय आहे. हा विषय तसा मिटत नाही. झोपलेल्याला उठवावं लागतं, आणि उठवणारा कोण, हाच त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे.

आज ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात ही सगळी मतं एकमेकांना खेटून राहतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, त्यात अँग्लिकन आले आणि ह्यूमच्या परंपरेतले लोकही; मेलेल्यांसाठी प्रार्थना करणारे आणि न करणारे एकाच बाकावर बसू लागले. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट, ज्यांचं स्पायसर विद्यापीठ पुण्यात आहे, ते जीव झोपतो असंच मानतात, दुष्टांचा शेवट नाशात होतो असंही मानतात. आणि देवाच्या न्यायालयात तपासणीचं काम 22 ऑक्टोबर 1844 पासून सुरू झालंय, असं त्यांचं म्हणणं. ही तारीख मुळात ख्रिस्त परत येण्याची म्हणून सांगितली गेली होती. तो आला नाही, तेव्हा तारीख ठेवून घटना बदलली. यहोवाच्या साक्षीदारांनी 1914 चं तेच केलं. तारीख सांगणाऱ्यांबद्दल माझ्याकडे फारशी सहानुभूती नाही. भाड्याच्या हॉलमधल्या नव्या मंडळ्यांत 'घेतले जाण्या'वर, म्हणजे विश्वासणारे अचानक वर उचलले जातील या शिकवणीवर, भर असतो. ती शिकवण एकोणिसाव्या शतकातल्या जॉन डार्बीने लोकप्रिय केली. तिच्यात मधला काळ फारसा उरतच नाही. आजच रात्री निकाल.

आणि कल्याण? 1988 मध्ये केरळहून नोकरीधंद्याला आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, कल्याणला सेंट थॉमस कॅथेड्रल आलं. मत रोमचं, पण उपासना पूर्व सिरियन, म्हणजे कॉस्मसने पाहिलेल्या पर्शियन बिशपाच्या घराण्यातली. चौदाशे वर्षांनी त्या उपासनेचा बिशप पुन्हा कल्याणच्या नावाने बसला.

एक बदल मात्र कोणत्याही परिषदेने केलेला नाही, तो जागेच्या टंचाईने केला. 1963 मध्ये रोमने दहनाची बंदी उठवली. 2016 मध्ये सांगितलं की रक्षा विखरू नका, घरी ठेवू नका, पवित्र जागी ठेवा. पण दफनच करायचं तर मुंबई-ठाण्याच्या दफनभूमीत कबर कायमची मिळणं आता दुर्मीळ. काही वर्षांनी ती उघडतात, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात जातात आणि जागा दुसऱ्याला मिळते. शेवटच्या दिवसापर्यंत झोपायचं म्हणून निजवलेल्याला मधेच उठवावं लागतं.

त्या वेळी दगड हलतो. बहुतेकदा तो तुटतो किंवा भिंतीला टेकवून ठेवला जातो, आणि नव्या कोनाड्याच्या छोट्या पाटीवर नाव आणि दोन तारखा एवढंच मावतं, तेही बहुधा इंग्रजीत. मी थबकलो होतो तो दगड गेल्या नोव्हेंबरात जागेवर नव्हता. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्यांची माणसं निजली आहेत त्यांना एवढीच विनंती: कबर उघडायची पाळी आली तर आधी दगडाचा फोटो काढा, आणि त्यावरचा मराठी मजकूर जसा आहे तसा, चुकांसकट, वहीत उतरवून ठेवा.